इलेक्ट्रिक शेगडी घरात आणताना: आधी भिंतीतली वायर, मग भाकरी

सिलिंडर संपला, नवा यायला वेळ आहे, म्हणून दुकानातून इंडक्शन आणलं आणि ओट्याशेजारच्या मिक्सरच्या बोर्डाला जोडलं. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत आणि लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या विद्यार्थ्यांच्या खोल्यांत विजेवरचा स्वयंपाक असाच सुरू होतो. शेगडी चांगली असते, पण ज्या वायरीतून तिला वीज मिळते ती वायर ट्यूबलाइट आणि पंख्यासाठी ओढलेली असते. पुढे प्लग वितळतो, बोर्ड काळा पडतो, भांड्याला हात लावला की झिणझिण्या येतात, आणि दोष मात्र शेगडीला दिला जातो. म्हणून या लेखात शेगडीइतकीच जागा भिंतीतल्या वायरिंगला दिली आहे.

कोणती शेगडी घ्यावी

सगळ्यात स्वस्त मिळते ती उघड्या कॉइलची शेगडी: चिनी मातीच्या खाचेत बसवलेली नायक्रोमची स्प्रिंग आणि बाजूला दोन टर्मिनल. खोलीवर राहणारी मुलं हीच घेतात. ती घेऊ नका, आणि घरात असेल तर वापर बंद करा. स्प्रिंग पेटलेली असताना तिच्यात थेट वीज खेळत असते. कॉइल थोडी वर उचलली गेली की भांड्याच्या तळाला टेकते आणि भांडंच जिवंत वायर होतं. वरण उतू गेलं तर मिठाचं पाणी तेच काम करतं. तिला बहुधा दोन पिनांचा प्लग असतो, म्हणजे अर्थिंग नाहीच. शिवाय प्लग उलटा बसला तर बटण बंद करूनही कॉइलमध्ये फेज (म्हणजे जिवंत वायरची वीज) उरू शकतो. या शेगडीला सुरक्षित करण्याचा कोणताही घरगुती उपाय नाही.

बंद हॉटप्लेटमध्ये कॉइल बिडाच्या जाड तबकडीखाली झाकलेली असते. ती सावकाश तापते, सावकाश निवते, पण दणकट आहे आणि कोणतंही सपाट भांडं चालतं. इन्फ्रारेड शेगडीत काचेखालची कॉइल लालबुंद होते आणि तिच्या उष्णतेने भांडं तापतं, त्यामुळे ॲल्युमिनियम, पितळ, माती सगळं चालतं. इंडक्शनमध्ये काच स्वतः तापत नाही. काचेखालच्या तांब्याच्या वेटोळ्यातून उच्च वारंवारितेचा प्रवाह जातो, त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याच्या तळात भोवरे प्रवाह तयार होतात आणि तळच तापतो. म्हणून त्यावर फक्त लोखंडी, बिडाची किंवा चुंबक चिकटणारी स्टीलची भांडी चालतात. दुकानात जाताना फ्रिजवरचं एक चुंबक खिशात ठेवा आणि ते भांड्याच्या तळाला लावून बघा. कडेला चिकटून उपयोग नाही.

घरात बहुतेक भांडी ॲल्युमिनियमची असतील, कुकरही तसाच असेल, तर इन्फ्रारेड सोयीची. नवीन कुकर आणि तवा घ्यायची तयारी असेल तर इंडक्शन घ्या. तिच्यात वीज कमी वाया जाते आणि पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात जो फुकटचा उकाडा वाढतो तोही कमी राहतो. घरात कुणाला पेसमेकर बसवलेला असेल तर त्या व्यक्तीने चालू इंडक्शनपासून किमान 60 सेंटिमीटर लांब राहावं आणि आधी डॉक्टरांना विचारावं.

भिंतीतली वायर आणि प्लग

हिशोब सोपा आहे. शेगडीच्या मागे लिहिलेल्या वॅटला 230 ने भागा, अँपिअर मिळतात. 2000 वॅटची शेगडी 8.7 अँपिअर ओढते. मिक्सर किंवा मोबाइल चार्जर लावतो तो छोटा सॉकेट 6 अँपिअरचा असतो, म्हणजे जास्तीत जास्त 1380 वॅट. त्यामुळे 2000 वॅटच्या शेगडीला 16 अँपिअरचा जाड पिनांचा सॉकेटच लागतो. जाड पिनांचा प्लग छोट्या सॉकेटात बसावा म्हणून जो कन्व्हर्टर मिळतो, त्यावर शेगडी लावणं म्हणजे त्या सॉकेटवर झेपत नाही एवढा भार टाकणं. मल्टिप्लग आणि एक्स्टेन्शन बोर्डाचंही तेच.

पण नुसता मोठा सॉकेट बसवूनही भागत नाही. मागची वायर किती जाड आहे हे वायरमनकडून उघडून बघून घ्या. लाइटच्या लाइनला 1 किंवा 1.5 चौरस मिलिमीटरची वायर असते. शेगडीसाठी तांब्याची किमान 2.5 चौरस मिलिमीटरची आणि मीटरजवळच्या बोर्डापासून स्वतंत्र ओढलेली वायर हवी, लांबी जास्त असेल तर 4 ची. त्या लाइनला 2.5 च्या वायरवर 16 अँपिअरची एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारं बटण. त्याच लाइनवर गिझर असेल तर दोन्ही मिळून 17 अँपिअरच्या वर जातात, तेव्हा सकाळी अंघोळीचं पाणी आणि चहा एकदम ठेवला की एमसीबी पडू शकते. ती वारंवार पडते म्हणून तिच्या जागी 32 ची बसवून देणारे लोक आहेत. तसं करू देऊ नका. एमसीबी वायरीला वाचवायला असते. मोठी बसवली की ती पडायच्या आधी भिंतीतली वायर जळते. जुन्या घरात किटकॅट फ्यूज असेल आणि त्यात वायरीचे जाड तांब्याचे केस पिळून बांधलेले असतील, तर तिथे संरक्षण शून्य आहे असं समजा.

माळवदाच्या किंवा जुन्या पत्र्याच्या घरांत अजूनही ॲल्युमिनियमची वायर सापडते. तिचे जोड कालांतराने सैल होतात आणि जास्त भार आला की नेमके जोडच तापतात. तिच्यावर शेगडी चालवू नका. खोली भाड्याची असेल तर मालकाशी वायरिंगचं आधी बोलून घ्या, शेगडी नंतर घ्या.

वायर विकत घेताना तिच्यावर आयएसआय खूण आणि आयएस 694 हा क्रमांक छापलेला असावा. प्लग आणि सॉकेटसाठी आयएस 1293. वीजबिलावर मंजूर भार लिहिलेला असतो, तोही बघा. तो एक किलोवॅट असेल आणि तुम्ही दोन किलोवॅटची शेगडी लावणार असाल, तर महावितरणकडे भार वाढवून घेण्याचा अर्ज करावा लागेल. चार तोंडांची, ओट्यात बसवायची 7 किलोवॅटची शेगडी किंवा ओव्हनसह येणारी मोठी रेंज घेत असाल तर गोष्ट वेगळीच आहे: 30 अँपिअर ओढते, तिला 6 चौरस मिलिमीटरची वायर आणि 32 अँपिअरची स्वतंत्र एमसीबी लागते, प्लगवर ती चालतच नाही.

अर्थिंग

सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणून अर्थिंग आहे असं होत नाही. कितीतरी खोल्यांत त्या भोकाच्या मागे वायरच नसते. साध्या टेस्टरने हे कळत नाही. वायरमनला फेज आणि अर्थ यांच्यामध्ये 100 वॅटचा बल्ब लावून बघायला सांगा. अर्थिंग चांगली असेल तर बल्ब पूर्ण उजळतो, मिणमिणला तर ती कामाची नाही. बोर्डात आरसीसीबी (विजेची गळती होताच लाइन तोडणारं बटण) असेल तर ती या वेळी पडेल, आणि पडली पाहिजे. ही चाचणी स्वतः करू नका.

आपल्याकडे अर्थिंग उन्हाळ्यात हमखास दगा देते. काळी माती वाळली की आकसते, भेगा पडतात, आणि जमिनीतल्या पट्टीचा किंवा पाइपाचा मातीशी संबंध तुटतो. कुठे फूटभर खालीच मुरूम आणि खडक लागतो, तिथे तर ओल टिकतच नाही. म्हणून फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी अर्थिंगच्या खड्ड्यात ओता. पाण्याची टंचाई असेल तर भांडी विसळलेलं पाणी चालतं. खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरलेलं असेल तर ओल जास्त टिकते.

याच्या जोडीला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या. शेगडीवर करण्यासारखा सगळ्यात मोलाचा खर्च हाच. अंगातून गळती सुरू होताच ती क्षणात वीज तोडते. तिच्यावर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबून बघा, ती पडली पाहिजे. स्वयंपाकघरात शहाबादी फरशी असेल आणि ती ओली असेल, तर अनवाणी उभं राहून शेगडीला हात लावू नका. पायात रबरी चप्पल हवी.

लाइटचं जाणं-येणं आणि व्होल्टेज

लाइट गेली की दोन गोष्टी लगेच करा: भिंतीवरचं बटण बंद, भांडं काचेवरून खाली, आणि मग इतर कामं. भांडं उचलायचं कारण असं, की आतला पंखाही बंद पडलेला असतो आणि तापलेल्या तव्याची धग काचेतून खालच्या सर्किटपर्यंत उतरत राहते. लाइट परत आल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून बटण लावा. डीपी चालू होताना सुरुवातीला व्होल्टेज वर-खाली होतं आणि इंडक्शनचा आतला फ्यूज बहुतेक त्याच वेळी उडतो.

घरातले काही बल्ब अचानक लख्ख पेटले आणि काही मंद झाले, तर खांबावरचा किंवा मीटरजवळचा न्यूट्रल (वीज परत जाण्याची वायर) तुटलेला असू शकतो. अशा वेळी घरात 230 च्या जागी 300 ते 400 व्होल्ट येऊ शकतात. धावत जाऊन मेन बंद करा आणि 1912 वर तक्रार द्या.

गावाकडे संध्याकाळी मोटारी चालू असताना व्होल्टेज 170-180 पर्यंत उतरतं. इंडक्शन अशा वेळी चूक क्रमांक (एरर कोड) दाखवून बंद पडते. कोणत्या अंकाचा अर्थ काय हे कंपनीगणिक बदलतं, तेव्हा माहितीपुस्तिकेतलं ते पान फाडून ओट्यावरच्या कपाटाला आतून चिकटवा. टीव्हीचा स्टॅबिलायझर 2000 वॅटच्या शेगडीला पुरत नाही. किमान 3 केव्हीएचा लागतो. घरचा 800-900 व्हीएचा इन्व्हर्टरही शेगडी ओढू शकत नाही. स्वयंपाकघरातला 16 अँपिअरचा सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर नाही ना, हे तपासून घ्या. गच्चीवर सोलर असेल तर दुपारचा स्वयंपाक त्यावर निघतो, पण महावितरणच्या लाइनशी जोडलेलं सोलर लाइट गेल्यावर आपोआप बंद होतं, हे लक्षात ठेवा.

व्होल्टेज पुरेसं मिळतंय का हे घरच्या घरी कळतं. इंडक्शनवर योग्य तळाच्या भांड्यात 1 लिटर पाणी झाकून 2000 वर ठेवा. साधारण साडेतीन-चार मिनिटांत उकळी फुटली पाहिजे. सात मिनिटं लागत असतील तर व्होल्टेज उतरलेलं आहे, नाहीतर भांड्याचा तळ काचेला नीट टेकत नाही.

जागा आणि पहिला दिवस

शेगडी सपाट, कोरड्या ओट्यावर ठेवा. मागे आणि बाजूला 10 सेंटिमीटर मोकळी जागा हवी. इंडक्शन खालून हवा ओढते, म्हणून तिच्याखाली वर्तमानपत्र, प्लॅस्टिकचा मेणकापड किंवा टॉवेल अंथरू नका. कागद पंख्याला चिकटतो, हवा बंद होते आणि पाच मिनिटांत शेगडी थांबते. बाहेर 42 अंश असताना ही हवा आधीच गरम असते, तेव्हा मे महिन्यात 2000 वर सलग अर्धा तास चालवण्याऐवजी उकळी येईपर्यंत 2000 आणि मग 1000 अशी सवय लावा. सिंक, पाण्याचा माठ आणि गॅसची पेटती शेगडी यांच्यापासून ती हातभर लांब असू द्या.

पहिल्यांदा चालवताना पाण्याचं भांडं ठेवून दहा मिनिटं चालवा, मग बटण बंद करून प्लग उपसा आणि पिना व प्लग हाताने चाचपा. कोमट ठीक. हात ठेववत नसेल, वास येत असेल किंवा सॉकेट तपकिरी झालं असेल, तर आतले स्क्रू सैल आहेत किंवा सॉकेट हलक्या दर्जाचं आहे. ते बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका. नव्या हॉटप्लेटमधून पहिल्यांदा थोडा धूर येतो, तो तबकडीवरच्या संरक्षक थराचा असतो; खिडकी उघडून पाच मिनिटं रिकामी तापवा. इंडक्शन आणि इन्फ्रारेड मात्र रिकामी चालवू नका.

काम झाल्यावर आधी शेगडीवरचं बटण बंद करा, पंखा मिनिट-दोन मिनिटं चालू राहील, तो थांबला की भिंतीवरचं बटण. उलट केलं तर गरम सर्किट पंख्याविना तसंच राहतं.

भाकरी, वरण, फोडणी

आपल्या घरात शेगडीची खरी परीक्षा भाकरीवर होते. खोलगट तवा चालत नाही, कारण त्याचा मध्यच तेवढा काचेला टेकतो. तळ सपाट असलेला 3-4 मिलिमीटर जाड लोखंडी किंवा बिडाचा तवा घ्या. पातळ तवा 2000 वर ठेवला की मध्ये फुगून वाकडा होतो आणि मग कायम डुलतो.

तवा 1000 वर तीन मिनिटं तापू द्या, मग 1200 ते 1400 करा. काचेखालचं वेटोळं साधारण 16 ते 18 सेंटिमीटर व्यासाचं असतं, म्हणून परातभर मोठी भाकरी थापली तर मध्य करपतो आणि कडा कच्च्या राहतात. 18-20 सेंटिमीटरची थापा. पिठाची बाजू वर ठेवून तव्यावर टाका, पाण्याचा हात फिरवा, पाणी सुकत आलं की उलटा. ही बाजू नीट भाजू द्या, घाई करू नका. गॅसवर यानंतर भाकरी जाळावर धरतो, इथे जाळ नाही. म्हणून तिसऱ्यांदा तव्यावरच उलटून सुती फडक्याची घडी करून कडेकडेने दाबत फिरवा. जिथे दाबाल तिच्या विरुद्ध बाजूला फुगा धरतो आणि हळूहळू पूर्ण भाकरी टम्म येते. पीठ उकळत्या पाण्याने मळलं असेल तर ती नक्की फुगते. इंडक्शनवर जाळी ठेवून शेकायचा प्रयत्न करू नका, जाळीच तापते आणि काचेवर चरे पडतात. दोन भाकऱ्यांच्या मध्ये तवा उचलून बाजूला ठेवला तर शेगडी थोड्या वेळात आपोआप बंद होते, तो बिघाड समजू नका.

आणखी एक गोष्ट जवळून बघण्यासारखी: परात शेगडीला लागून ठेवून भाकरी थापली की पिठाची भुकटी खालच्या पंख्यातून आत ओढली जाते. तेलाच्या वाफेवर ती बसते आणि सर्किटवर घट्ट थर होतो. परात हातभर लांब ठेवा.

तुरीच्या वरणाचा कुकर पहिली शिटी होईपर्यंत 1800 वर आणि नंतर 600-800 वर. फोडणी 2000 वर कधीच नको, तेल बघता बघता धुरावतं; 800 वर करा. बऱ्याच इंडक्शनमध्ये 200-400 ची खूण असली तरी आत हजाराच्या आसपास वॅट काही सेकंद चालू, काही सेकंद बंद असं चालतं, म्हणून मंद ठेवलेलं दूधही उतू जातं. दुधापाशी उभं राहा. तळण करताना तापमानाच्या बटणावर 180 ठेवा, आणि कढईत तेल तळापासून दोन बोटं तरी असू द्या. काचेखालचा सेन्सर तेलाचं खरं तापमान उशिरा ओळखतो, तेल थोडं असेल तर तेवढ्यात ते पेटूही शकतं.

इन्फ्रारेडची लाली गेल्यावर काच निवली असं वाटतं, पण ती बराच वेळ पोळते. लहान मूल घरात असेल तर पाण्याने भरलेलं एक भांडं तिच्यावर ठेवून द्या.

बिलाचं: 14.2 किलोच्या सिलिंडरइतकं काम इंडक्शनवर साधारण 130 ते 140 युनिटमध्ये होतं. सिलिंडर दीड महिना पुरत असेल तर महिन्याला 90 च्या आसपास युनिट वाढतील. घरगुती दरात 100 युनिटनंतरचा टप्पा बराच महाग आहे, तेव्हा सध्याचं बिल कितीवर आहे हे आधी बघा.

सफाई आणि बिघाड

रोज शेगडी निवल्यावर ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने. वरून पाणी ओतू नका. तारेची घासणी, राख, विटेची भुकटी यांनी काचेवर चरे पडतात आणि पुढे तडा तिथूनच जातो. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग अर्ध्या लिंबाने चोळून पाच मिनिटांनी पुसले की जातात. गुळाचा पाक किंवा पुरण सांडलं असेल तर मात्र थांबू नका: वीज बंद करा आणि काच गरम असतानाच लाकडी उलथन्याने बाजूला ओढा. साखर निवताना काचेला इतकी घट्ट धरते की काढताना काचेचा कपचाही निघतो.

महिन्यातून एकदा प्लग काढून, शेगडी उलटी करून पंख्याच्या जाळीवरची धूळ कोरड्या ब्रशने झाडा. उबेला झुरळं आत शिरतात आणि सर्किटवर चिकटून शॉर्ट करतात, म्हणून रात्री शेगडी पुसून, ओट्यावरचा खरकटा कण न ठेवता झोपा. वायर भांड्याला किंवा कडेला घासून सोललेली दिसली तर चिकटपट्टी गुंडाळू नका, पूर्ण वायर बदला.

भांड्याला हात लावताच मुंग्या आल्या तर आधी भिंतीवरचं बटण बंद, मग प्लग काढा, आणि अर्थिंग तपासून होईपर्यंत वापर थांबवा. कुणाला धक्का बसून तो चिकटला असेल तर त्याला हात न लावता मेन बंद करा. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडाने वायर दूर करा आणि 108 ला फोन लावा. कढईतलं तेल पेटलं तर वीज बंद करून झाकण सरकवत ठेवा, पाणी मुळीच नको.

पंखा, फ्यूज, बटणांची पट्टी, वायर हे सगळं दुरुस्त होतं आणि करून घेण्यासारखं आहे. दुकानात नेताना चूक क्रमांक कागदावर लिहून न्या आणि बिघाड झाला तेव्हा लाइट गेली-आली होती का, हेही सांगा. निम्मा शोध तिथेच संपतो. काचेला केसाएवढा तडा गेला असेल तर एम-सील किंवा टेप लावून चालवू नका, उतू गेलेलं पाणी त्याच फटीतून थेट सर्किटवर जातं. काच बदलून मिळते. तिची किंमत नव्या शेगडीच्या निम्म्याहून जास्त सांगितली तर नवीच घ्या, आणि जुनीची वायर कापून मगच ती भंगारात द्या, म्हणजे कुणी उचलून पुन्हा चालू करणार नाही.